वाहनांचे परिमाण

अहमदाबाद शहराच्या पूर्वेला कठवाडा येथे ‘दास्तान’ नावाचे एक विस्तीर्ण, झाडीने भरलेले आवार आहे. उद्योगपती कै. प्राणलाल भोगीलाल यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या मोटारींचा संग्रह तेथे ठेवलेला असून शंभराहून अधिक मोटारी उंच छपरांच्या दालनांत ओळीने उभ्या आहेत. सोबत घोड्यांच्या बग्ग्या व जुन्या मोटारसायकलीही आहेत. एका व्यक्तीने जमवलेल्या आपल्या देशातील मोटारींच्या संग्रहांत याची गणना अग्रभागी होते. संग्रह खाजगी असला तरी सामान्य माणसाला तिकीट काढून तो पाहता येतो, आणि निराळे शुल्क भरून त्यातील काही मोटारींतून आवारात एक फेरी मारण्याची सोयही ठेवलेली आहे.

शंखेश्वर व पालिताण्याच्या यात्रेस निघालेले महाराष्ट्रातील संघ बहुधा अहमदाबादेत मुक्काम करतात. आमच्या संघालाही गेल्या पौषात कोब्याचे दर्शन आटोपल्यावर एक दुपार मोकळी मिळाली आणि तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्ही कठवाड्यास गेलो. संघातील एक ज्येष्ठ श्राविका निघतानाच म्हणाल्या, “देवदर्शनाच्या वाटेवर हा परिग्रहाचा डोंगर कशासाठी पाहायचा?” त्यांचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेला नाही. या लेखाचा विषय खरे पाहता तोच प्रश्न आहे. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वी तेथे काय आहे, ते वाचकांना सांगणे योग्य ठरेल.

दालनात शिरताच प्रथम जाणवतो तो या वाहनांचा आकार. आजच्या दोन मोटारी जेवढ्या जागेत उभ्या राहाव्यात, तेवढी एकेकीची लांबी. रोल्स-रॉईस, बेंटले, डेमलर, लगोंडा ही इंग्लंडची घराणी, मेबॅक व मर्सिडीज जर्मनीची, पॅकार्ड, कॅडिलॅक, लिंकन, ब्युइक, ऑबर्न अमेरिकेची, लान्सिया इटलीची, आणि स्पेन-स्वित्झर्लंड यांचे नाव एकत्र धारण करणारी हिस्पानो-सुइझा. इंग्लंडमधील जाणकार १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच काटेकोरपणे ‘व्हिंटेज’ म्हणतात. आपल्याकडे मात्र हा शब्द त्याहून सैलपणे वापरला जातो आणि तिसाव्या दशकातील मोटारीही त्यात सहज सामावतात.

प्रत्येक नावामागे एक इतिहास आहे. रोल्स-रॉईसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ने १९०७ साली इंजिनाची कसोटी देताना १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,००० किलोमीटरचा प्रवास लंडन-ग्लासगो मार्गावर पुनःपुन्हा फेऱ्या करून पुरा केला आणि कंपनीची कीर्ती जगभर झाली. मेबॅकची कथा निराळी. हा कारखाना मुळात हवाई जहाजांची इंजिने बनवी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमानांची इंजिने बनवण्यास बंदी घातली, तेव्हा हातची विद्या वाया जाऊ नये म्हणून १९२१ पासून तो मोटारी बनवू लागला. एक धंदा बंद पडला तर त्यातील कौशल्य दुसऱ्या धंद्यात कसे न्यावे, याचे हे उदाहरण व्यापारी वाचकांस रुचेल. कॅडिलॅकने १९१२ साली विजेवर सुरू होणारे इंजिन बाजारात आणले. तोवर पुढे उभे राहून हँडल फिरवावे लागे आणि इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. हँडल गेले आणि स्त्रियांना मोटार स्वतः चालवणे सुकर झाले.

आपल्या रोजच्या बोलण्यातील काही शब्दही येथे अचानक उलगडतात. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली या गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, पंक्चर झालेल्या चाकावर आवळून बसवायचे एक जादा चाक तयार होऊ लागले. तो कारखाना गेला, चाकाचा तो प्रकारही गेला, पण त्या रस्त्याचे नाव आपल्या गॅरेजांत अजून चालू आहे. ‘डिकी’चेही तसेच. जुन्या दोन आसनी मोटारीच्या पाठीमागे झाकण उघडून बसता येईल असे एक आसन असे, त्याला डिकी म्हणत. पुढे तेथे माणसांऐवजी सामान बसू लागले, नाव मात्र टिकले.

या काळातील मोटार आजच्यासारखी तयार मिळत नसे. धनिक गिऱ्हाईक कंपनीकडून केवळ चेसिस, इंजिन आणि चाके विकत घेई. त्यावरचा सांगाडा, दारे, आसने, टप हे सारे हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशा गाडीकाम करणाऱ्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे घडवीत. त्यामुळे एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन मोटारी एकमेकींसारख्या असतीलच असे नाही. एक बाब आपल्या वाचकांचे लक्ष वेधील. कातडी आसन म्हणजे श्रीमंती, अशी आज समजूत आहे. त्या काळातील अनेक भारदस्त मोटारींत कातडे पुढे, चालकाच्या आसनाला असे, कारण ते ऊन-पाऊस सोसते. मागे बसणाऱ्या मालकासाठी उत्तम लोकरी कापड वापरले जाई. प्रतिष्ठेची कल्पना काळाप्रमाणे उलटी होते, ती अशी.

अहिंसेच्या दृष्टीने पाहणाऱ्यास या युगाची एक काळी बाजूही विसरता येत नाही. संस्थानिकांच्या कित्येक मोटारी शिकारीसाठी सजवलेल्या असत. त्यांना जंगलात डोळे दिपवणारे दिवे आणि बंदुका ठेवण्याच्या जागा केलेल्या असत. कोट्याचे महाराव उम्मेदसिंह दुसरे यांनी १९२५ साली वाघाच्या शिकारीसाठी एक रोल्स-रॉईस खास तयार करवून घेतली होती. ती मोटार या संग्रहातील नव्हे. परंतु यंत्राच्या सौंदर्याची स्तुती करताना त्याचा उपयोग कशासाठी झाला, हे मुलांना सांगण्याचे कर्तव्य आपण टाळू नये.

संस्थाने भारतात विलीन झाली आणि १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एका लिटरला जेमतेम चार-सहा किलोमीटर चालणाऱ्या या मोटारी त्यापूर्वीच अनेक राजवाड्यांना जड झाल्या होत्या. कित्येक मोडीत गेल्या, कित्येक परदेशी संग्राहकांनी अल्प किमतीत नेल्या. पुढे सरकारने १९५० पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध घातले. या ओहोटीच्या काळात ज्या थोड्या लोकांनी गावोगावच्या तबेल्यांतून व कोठारांतून धूळ खाणाऱ्या मोटारी शोधल्या, विकत घेतल्या आणि दुरुस्त करून घेतल्या, त्यांत प्राणलाल भोगीलाल यांचे स्थान मोठे आहे. तसे पाहता असा छंद जोपासणारे इतरही आहेत. दक्षिण महाराष्ट्रातील आपल्या समाजबांधवांना परिचित असलेल्या धर्मस्थळ येथे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी जमवलेल्या जुन्या मोटारी यात्रेकरूंना पाहावयास मिळतात.

जमवणे एक वेळ सोपे, राखणे अवघड. उभ्या मोटारीतील पेट्रोल काही महिन्यांत चिकट होऊन कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवते. पत्र्याखालचा सांगाडा लाकडी असल्याने त्यास ओल आणि वाळवी यांचे भय. एकाच जागी वजन राहिल्याने टायर चपटे होतात, म्हणून अशी मोटार घोडीवर उचलून ठेवावी लागते. रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात. अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. ते ओल शोषून घेते आणि जुन्या रबरास मारक ठरते, त्यामुळे हे काम आणखी नाजूक झाले आहे. सुटा भाग बाजारात मिळत नाही. मिस्त्रीने तो लेथवर स्वतः घडवावा लागतो. या सर्वांवर उपाय म्हणजे मोटार वेळोवेळी सुरू करणे आणि थोडी चालवणे. जी वस्तू वापरली जात नाही ती आपोआप टिकत नाही, ती आतून झिजते, हे येथे पदोपदी दिसते.

दालनाच्या मध्यावर आमच्यातील एका तरुणाने, जो आपल्या वडिलांच्या घाऊक व्यापारात नुकताच लक्ष घालू लागला आहे, मला थांबवून विचारले, “काका, हा हिशेब काही केल्या जुळत नाही. शंभर मोटारी म्हणजे शंभर ठिकाणी अडकलेले भांडवल. वर जागा, मिस्त्रींचे पगार, देखभाल. आपल्या दुकानात सहा महिने माल पडून राहिला तर बाबा आम्हाला झोपू देत नाहीत.”

मी काही बोलण्याआधीच शेजारी उभे असलेले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “अरे, दुकानातला माल विकण्यासाठीच असतो. पण घरातलेही सगळे विकायचेच म्हटले, तर घर आणि दुकान यांत फरक काय राहिला?” क्षणभर थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आमची फियाट मात्र आम्ही ना विकली, ना राखली.”

त्यांच्या फियाटची हकिकत नंतर बसमध्ये कळली. त्यांच्या वडिलांनी १९६२ साली, दुकान नावारूपास आल्यावर, ती घेतली होती. त्या मोटारीतून तिन्ही भावांची लग्ने झाली, तिच्यातूनच साधु-साध्वींच्या दर्शनास गावोगावी जाणे झाले. वडील गेल्यावर ती गोडाऊनच्या कोपऱ्यात उभी राहिली, त्याला चौदा वर्षे झाली. दुकानाच्या वाटण्या झाल्या, घराच्या झाल्या. मोटारीची मात्र झाली नाही. एका भावाने ती विकण्याचा विषय काढला तर दुसऱ्यास दुःख होते. दुसऱ्याने ती दुरुस्त करण्याचा काढला तर खर्च कोणी द्यावा, यावर तिसरा मौन धरतो. गोडाऊनची जागा आता एका भावाच्या वाट्यास आली आहे आणि त्याला ती रिकामी हवी आहे. गेल्या दिवाळीत याच विषयावरून शब्दाला शब्द वाढला आणि भाऊबीजेला दोन भाऊ एकमेकांच्या घरी गेले नाहीत.

येथे त्या श्राविकेच्या प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. परिग्रह म्हणजे नेमके काय? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रास आपल्या दोन्ही परंपरा प्रमाण मानतात. त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची बेभान आसक्ती, हाच परिग्रह, असे तेथे सांगितले आहे. या दृष्टीने पाहिले तर चौदा वर्षे गंजत पडलेली आणि भावाभावांत अबोला आणणारी एकच फियाट ही, नीट राखून सर्वांना दाखवल्या जाणाऱ्या शंभर मोटारींहून अधिक मोठा परिग्रह ठरू शकते. मूर्च्छित माणूस जसा स्वतः उठत नाही आणि दुसऱ्यास हात धरू देत नाही, तशीच ही अवस्था आहे.

याचा अर्थ संख्येला महत्त्वच नाही, असा कोणी घेऊ नये. श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे चरित्र आले आहे. तो आपल्यासारखाच व्यवहारी गृहस्थ होता. बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी निधी म्हणून, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, अशी त्याची विभागणी होती. भगवान महावीरांपुढे व्रते घेताना त्याने वाहनांचेही परिमाण केले: दूरच्या प्रवासासाठी पाचशे गाडे, मालवाहतुकीसाठी पाचशे गाडे, आणि त्याच रीतीने चार व चार नौका. हजार गाड्यांचा धनी हा भगवंतांच्या दहा प्रमुख श्रावकांत गणला गेला. व्रताचे मर्म आकडा लहान असण्यात नव्हते. आकडा स्वतः ठरवण्यात, तो बोलून दाखवण्यात आणि त्यापलीकडे पाऊल न टाकण्यात होते.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत पहिला ‘अतिवाहन’ हाच आहे; गरजेपलीकडे वाहने बाळगणे वा चालवणे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पुढे अतिसंग्रह आणि लोभ आहेत, अतिभार लादणे आहे. आणि त्यांच्याच पंक्तीत ‘विस्मय’ बसवलेला आहे: दुसऱ्याचे वैभव पाहून थक्क होणे. हा दोष संग्राहकाचा नव्हे, पाहणाऱ्याचा आहे. कठवाड्याच्या दालनात उभे राहून आपण ‘याची किंमत आज किती असेल?’ एवढेच विचारीत राहिलो, तर व्रतास धक्का आपल्याकडूनच लागतो. हीच मोटार कोणी घडवली, कशी चालली, कशी वाचली, असे विचारले तर तेच पाहणे ज्ञानाचे होते.

मग संग्रह आणि परिग्रह यांतील सीमारेषा कोठे आखावी? मला या भेटीत तीन खुणा दिसल्या. पहिली खूण म्हणजे दार. जी वस्तू केवळ मालकाच्या डोळ्यांसाठी कुलपात राहते, ती परिग्रहाकडे झुकते; जिच्यासमोर अनोळखी शाळकरी मुलगा उभा राहून प्रश्न विचारू शकतो, ती समाजाची होऊ लागते. दुसरी खूण म्हणजे हात. जिच्या देखभालीत कारागिराचे कौशल्य जिवंत राहते, ती वस्तू पोटाला आणि विद्येला आधार देते. जुन्या मोटारींची इंजिने कानाने ओळखणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत. अशा ठिकाणी त्यांच्या हाताखाली एखादा तरुण तयार झाला, तर ते काम कोणत्याही मोटारीहून मोलाचे आहे. तिसरी खूण म्हणजे वारसा. मालकानंतर या वस्तूचे काय व्हावे, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे काय?

ही तिसरी खूण सर्वांत कठीण आहे. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी एक पिवळ्या रंगाची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवण्यात आली होती. १९११ साली त्यांचे निधन झाले आणि मोटार त्यानंतर येऊन पोहोचली. पुढील पिढीच्या काळात ती फारशी रस्त्यावर आलीच नाही. आज ती चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. ज्याच्यासाठी वस्तू मागवली तो ती पाहण्यास उरला नाही. आपण सारे अल्पाधिक प्रमाणात असेच गिऱ्हाईक आहोत; माल घरी पोहोचतो तेव्हा आपण असूच, याची हमी कोणत्याही पावतीवर नसते.

कंपन्यांचेही तेच झाले. ऑबर्नचे उत्पादन तिसाव्या दशकात थांबले. पॅकार्ड हे नाव १९५८ मध्ये बाजारातून गेले. एके काळी ज्यांच्या मोटारीसाठी राजेरजवाडे नाव नोंदवून वाट पाहत, त्या पेढ्यांचे दरवाजे बंद झाले, पण त्यांचा माल मात्र कठवाड्यात चकाकतो आहे. पेढी बुडते आणि प्रामाणिकपणे केलेला माल टिकतो, हे दृश्य व्यापाऱ्याने एकदा तरी डोळ्यांनी पाहावे असे आहे.

आपल्या समाजाचा या विषयाशी आणखी एक जवळचा धागा आहे. सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. परक्या सत्तेच्या काळात जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत हात घालणारा हा मराठी मुलखातील पुरुष. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि प्रीमिअर पद्मिनी देशभर गेल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये उगवला. महाराजांच्या मोटारींना राखणारे भेटले; परंतु दुकानदार, डॉक्टर, शिक्षक यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेल्या आणि आपल्याच समाजातील एका पुरुषाच्या उद्यमातून निघालेल्या मोटारी मात्र बहुतांशी भंगारात गेल्या. राजाचा इतिहास राजवाडा राखतो. व्यापाऱ्याचा इतिहास व्यापाऱ्यानेच राखावा लागतो.

कायद्याने यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नव्याने नोंदलेल्या मोटारीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार रोजच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, देखभाल यांसाठी मात्र चालवता येते. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची मोटार उभी आहे, त्यांनी कागदपत्रे शोधून ठेवावीत. कागद हरवला की वस्तूचे नाव हरवते.

आणि राखण्याची विद्या आपल्याला नवी आहे काय? पाटण, जेसलमेर, खंभात येथील ज्ञानभांडारांत ताडपत्रांवरील पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्या कोण्या राजाच्या कृपेने नव्हे. श्रावकांनी त्या लिहवून घेतल्या, वेष्टनांत बांधल्या, ओल आणि कसर यांपासून जपल्या; ज्ञानपंचमीस बाहेर काढून झाडल्या-पुसल्या आणि पूजल्या. त्या पोथ्यांवर कोणा एका घराण्याने मालकी गाजवली असती, तर वाटण्यांत त्यांची पाने विखुरली असती. मोटार आणि पोथी यांची बरोबरी नाही, हे उघड आहे. एक संसाराची, दुसरी तारणारी. परंतु राखण्याची रीत एकच: नोंद ठेवणे, वेळोवेळी हात लावणे, आणि वस्तू व्यक्तीची न ठेवता व्यवस्थेची करणे.

आपल्या घरांत आणि गोडाऊनांत आज काय काय पडून आहे, याचा एकदा शांतपणे विचार करावा. पितळी तराजू, शेर-अदपावाची वजने, लाल कापडात बांधलेल्या जुन्या चोपड्या, पणजोबांची गादी, एखादी मोटार. या प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारता येतात. हिला कोण पाहते? हिची निगा कोण राखते? माझ्यानंतर ही कोणाची? तिन्ही प्रश्नांस उत्तर असेल तर ती वस्तू निःशंक राखावी. एकाही प्रश्नास उत्तर नसेल तर ती योग्य हाती सोपवावी, आणि सोपवताना मन जड झाले तर तीच आपली मूर्च्छा, हे ओळखावे. सोडण्याचा निर्णयही राखण्याइतकाच आदराचा असू शकतो.

यात्रा संपवून परतल्यावर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी दोन्ही धाकट्या भावांना घरी बोलावले. पर्युषणाची वाट न पाहता आधी ‘मिच्छामि दुक्कडम्’ झाले, मग मोटारीचा विषय निघाला. एक पुतण्या यंत्रविद्या शिकत आहे. मोटार त्याच्या हवाली करावी, दुरुस्तीचा खर्च तिघांनी सारखा उचलावा, दुरुस्त झाल्यावर वर्षातून एकदा महावीर जयंतीच्या मिरवणुकीत ती समाजासाठी काढावी, आणि दहा वर्षांनी पुढच्या पिढीत कोणी घेणारा नसेल तर ती एखाद्या संग्रहालयास द्यावी, असे कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. फियाट अद्याप दुरुस्त झालेली नाही. इंजिन जाम झाले आहे आणि मिस्त्रीने पावसाळ्यानंतरचा वायदा दिला आहे. पण गोडाऊनचा कोपरा रिकामा झाला आणि भावांचे जाणे-येणे सुरू झाले.

आनंद श्रावकाच्या चरित्राचा उत्तरभाग फारसा सांगितला जात नाही. व्रते घेतल्यावर चौदा वर्षे त्याने संसार व व्यापार नेटका सांभाळला. पंधराव्या वर्षी त्याने आप्तस्वकीयांना बोलावले, त्यांच्या देखत घराचा भार ज्येष्ठ पुत्रावर सोपवला आणि स्वतः पौषधशाळेत जाऊन धर्मसाधनेत रमला. हजार गाडे त्याने मोजून ठेवले होते, म्हणूनच ते त्याला मोजून दुसऱ्याच्या हाती देता आले. या चातुर्मासात आपणही परिमाणाचा कागद हाती घेतला, तर त्यात वाहनांची ओळ अवश्य लिहावी. आणि तिच्यापुढे, आपल्यानंतर ते कोणाकडे जावे, हेही लिहावे.

जय जिनेंद्र.